अक्कलकोटचं तिकीट, अकलूजची गाडी

कार्डावर घडी घातलेलं, काठ असलेलं एक कापड होतं. मी ते समोर धरलं आणि पुढच्या रांगेतली लाल रिबीनवाली ओरडली, "दुप्पटी!" शेजारच्यानं तिला कोपरानं ढोसलं, "दुप्पटी नाही बे, चादर म्हण. मराठीत म्हणायचं असतंय." मागून तिसऱ्याचा आवाज आला, "चद्दर है वो." तिघांनाही आपलंच खरं वाटत होतं, आणि तिघांचंही बरोबरच होतं. सोलापुरात, तेही घरोघरी तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात, शेजारच्या खोलीत लूम खटखटत असताना घडी घातलेलं कापड दाखवलं तर पोरं दुसरं काय म्हणणार? पण चित्राखाली चांगलं ठळक छापलेलं होतं, 'शाल'. दोन अक्षरं, एक काना. पहिलीतच मिटलेला मामला म्हणायचा. ही मुलं तिसरीतली. अक्षरांकडे मात्र एकानंही पाहिलं नव्हतं.

माझा शनिवारचा वाचनाचा वर्ग सुटला, पोरं पांगली, मी कार्डं गोळा करून रबरात अडकवली. पण कन्ना चौकातून घराकडे येताना ती शाल डोक्यातून जाईना. संच तसा उत्तम होता. एका सद्‌गृहस्थांनी हौसेनं आणून दिलेला, गुळगुळीत, कोपरे गोल केलेला, ओल्या फडक्यानं पुसता येणारा. मुलांना तो आवडायचाही. कार्ड वर केलं की धडाधड उत्तरं यायची, दारातून डोकावणाऱ्याला वाटावं की वाचनाचा वर्ग काय रंगात आलाय! आणि त्या सगळ्या गलक्यात वाचत कुणीच नव्हतं. चित्रानं सगळं सांगून टाकल्यावर खालच्या अक्षरांना कामच उरत नव्हतं. मुलं हुशार असतात, जिथं कमी कष्टात भागतं तिथं जास्त करत नाहीत. आपण तरी कुठं करतो?

पुढच्या शनिवारी तेच कार्ड काढलं आणि चित्रावर अंगठा ठेवला. लाल रिबीनवाली बराच वेळ बघत राहिली. पहिल्या अक्षरापाशी "र... रा?" असं काहीतरी पुटपुटली आणि दुसऱ्यापाशी थांबली ती थांबलीच. मग शांतपणे म्हणाली, "हे आम्हाला शिकवलं नाही अक्का." मला जरा रागच आला. तिसरीत ल शिकवला नाही म्हणजे काय? तिच्याच दप्तरातून बालभारतीचं पुस्तक काढलं, एका ओळीवर बोट ठेवलं. तिनं 'लाल' वाचलं, 'शाळा' वाचलं, 'मुलगा' वाचलं. मग पुस्तक आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुस्तकातला ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. कार्डावरचा ल काठीवाला आणि श गाठीचा. शासनानं २००९ साली मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली तेव्हा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त लिहायचा असं त्यात स्पष्ट आहे, पाठ्यपुस्तकं त्याप्रमाणेच छापली जातात. पण संगणकातले बरेचसे फॉन्ट हिंदीच्या वळणाचे. त्यात मराठी मजकूर टाकला की ल आणि श आपोआप हिंदी होतात. मोठ्यांच्या नजरेला हे खटकतही नाही, आपण दोन्ही वळणं इतकी वर्षं बघत आलोय की फरक दिसायचा बंद झालाय. नुकतीच अक्षरं लागलेल्या मुलीला मात्र ते वेगळंच अक्षर.

म्हणजे पोरगी खरं बोलत होती.

मला हे इतकं लागलं त्याला घरचं कारण आहे. साखर पेठेत आमची ट्रेडल होती, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. वडिलांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिलं, विडीच्या लेबलांची किरकोळ कामं. प्रेसमध्ये शिरलं की रॉकेल, शाई आणि ओल्या कागदाचा मिळून एक वास यायचा, तो अजूनही कुठं अचानक आला तर मी मान वळवून बघते. लाकडी केसच्या खणांत शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे सुटे अक्षरठसे. ते जुळवणारे कंपोझिटर काका स्टिक हातात धरून न बघता खिळे उचलायचे, टक टक टक, जसा काही हातालाच अक्षरांचा पत्ता ठाऊक. शिशाला हात लावलेले हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही, हा घरातला पहिला नियम. मी वाचायला शिकले ती शाळेत नव्हे, ह्या प्रेसमधल्या रद्द प्रुफांवर. त्यामुळे माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य 'कमल नमन कर' नव्हतं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे होतं. सोप्याकडून अवघडाकडे वगैरे शास्त्र तिथं नव्हतंच. श्रीकृपेकरून हा अख्खा शब्द मी तोंडपाठ ओळखायचे, आणि मग त्यातला 'करून' कुठं दुसरीकडे दिसला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

त्या खिळ्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली, तिचा उपयोग आत्ता होतोय. केसचे खण सारखे नसतात. कान्याचा खण मोठा, र, त, न, ल यांचे ऐसपैस, आणि ढ, झ, छ यांना कोपऱ्यातली चिमुकली जागा. वरच्या मात्रांचे पिटुकले खिळे वेगळे, ते अक्षराच्या डोक्यावर बसवताना चिमटा लागायचा. इंग्रजीला सव्वीस अक्षरांत भागतं. मराठीत प्रत्येक व्यंजनाला काना, वेलांटी, उकार लागणार, वर जोडाक्षरं. केस आणि खण वाढता वाढता खोली भरून जायची. खिळ्यांची ही संख्या आटोक्यात आणायच्या खटपटीत खुद्द लोकमान्य टिळकांनी डोकं घातलं होतं, हे अण्णा मोठ्या अभिमानानं सांगत, जणू टिळक आमच्याच प्रेसमध्ये येऊन गेले होते. पुढं ऑफसेट आलं, मागून डीटीपी आलं, आणि खिळे किलोच्या भावानं भंगारात गेले. तो दिवस मी घरी नव्हते, बरं झालं. एक रिकामी केस तेवढी माळ्यावर राहिली होती. शाल-प्रकरणानंतर ती खाली काढली, धूळ झटकली, खडखडीत उन्हात ठेवली. आता तिच्या खणांत पुठ्ठ्याची अक्षरं असतात.

शब्द जुळवायचा खेळ करायचा म्हणजे कुठलं अक्षर किती करायचं, हा पहिला प्रश्न. बाजारातल्या बहुतेक संचांत प्रत्येक अक्षर एकेकदाच असतं, क ते ज्ञ, वहीच्या मागच्या पानावरच्या तक्त्यासारखं. त्यातून 'बाबा' लिहिता येत नाही, कारण ब एकच! 'काका', 'मामा', 'दादा' ह्यांपैकी काहीच होत नाही. ङ आणि ञ मात्र असतात, थाटात. मी रविवारच्या पुरवणीतलं एक पान घेतलं आणि जेवणानंतर रेघा मारत बसले. काना, काना, र, काना, त, य, काना. केसमध्ये होतं तेच निघालं. कान्याचा ढीग सगळ्यांवर. मग र, त, ल, न, क, व, म, स ही बरीच, आणि ठ, ढ, छ नावापुरती. ङ, ञ मी केलेच नाहीत. एका निवृत्त गुरुजींना ते फार खटकलं. वर्णमाला अपुरी ठेवणं त्यांना अशुभ वाटत असावं.

मात्रांचं काय करायचं, यावर मात्र बरेच दिवस गेले. का, कि, की, कु, कू असं प्रत्येक वेगळं केलं तर शेकडो कार्डं होतात आणि मुलं केसपाशीच हरवून जातात. काना, वेलांटी वेगळ्या कार्डांवर काढून अक्षराशेजारी ठेवल्या तर उकार कुठं ठेवणार? तो तर खाली लागतो. उपाय सापडला घरातल्याच पिशवीत. टॉवेल ज्या पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये येतात, ते जाड आणि करकरीत असतं. सोलापुरात त्याला तोटा नाही, ज्याच्या त्याच्या घरी गादीखाली दोन-चार पिशव्या जपून ठेवलेल्या. ते अक्षराच्या मापानं कापायचं, त्यावर काचेवर लिहायच्या पेननं नुसती मात्रा काढायची, आणि अक्षरावर ठेवायची. क वर वेलांटीचा तुकडा ठेवला की कि, उचलला की पुन्हा क. बाराखडी घोकून घोकून जे तोंडात बसतं पण डोळ्यांत बसत नाही, ते इथं बोटांनी होतं. आमच्यातला एक पोरगा, आठेक वर्षांचा, पहिली वेलांटी सारखी उजवीकडे ठेवायचा. मी दोनदा सरळ केली तेव्हा त्यानं हिशेब मांडला, "आधी क म्हणतो ना आपण? मग इ म्हणतो. मग ही आधी कशाला?" त्याचं काय चुकलं? ऐकू जे मागून येतं ते लिहिताना पुढं येतं, ही आपल्या लिपीची खोड आहे आणि तिला उत्तर नाही. कंपोझिटर काकाही वेलांटीचा खिळा आधी लावायचे. मी एवढंच म्हटलं, "तिला घाई असते." हे त्याला पटलं. आता तो इतरांना सांगतो, पहिलीला घाई असती, दुसरी निवांत मागून येती.

पुठ्ठ्याचं मूळही इथलंच. एका मुलाच्या वडिलांकडे जकार्डचे जुने पंच केलेले पुठ्ठे पडून होते, जुन्या चादरीच्या नक्षीचे. लांबट पट्ट्या, ओळीनं भोकं, पट्टीला पट्टी दोऱ्यानं शिवलेली. कुठं भोक आहे आणि कुठं नाही यावरून कुठला ताणा उचलायचा ते मागाला कळतं आणि चादरीवर मोर उमटतो. त्यांनी एक गठ्ठाच आणून दिला, "घ्या, नाहीतर उंदीरच खाणार." जिथं भोकं विरळ आहेत तिथले तुकडे कापायचे, मधल्या मोकळ्या जागी अक्षर काढायचं. आधी वाटलं होतं की त्या भोकांमुळे अक्षर विद्रूप दिसेल. पण खरा उपयोग भोकांचाच झाला. ह्या मुलांचं घोडं बहुधा एका ठरावीक ठिकाणी अडतं. अक्षरं सगळी येतात, शब्द येत नाही. ब... द... क... तिन्ही खणखणीत म्हणतात आणि मग विचारलं, काय झालं, तर तोंडाकडे बघत बसतात. कारण सुटं ब, द, क म्हणताना प्रत्येकाला लांब अ लागतो, आणि बदक म्हणताना शेवटच्या क मधला तो अ विरून जातो. तिन्ही आवाज एकमेकांत कालवावे लागतात, ते तोंडी सांगून कसं कळणार? आता आम्ही अक्षरं सुतात ओवतो, लांब लांब. दोन टोकं दोघांनी धरायची. तिसऱ्यानं एकेक अक्षर म्हणत सरकवायचं, ब... द... क, मग आणखी जवळ, ब-द-क, आणि शेवटी तिन्ही पुठ्ठे एकमेकांवर आपटले की एका दमात म्हणायचं. टप्प! बदक. जो आवाज पुठ्ठ्यांचा होतो, तोच कधीकधी मुलाच्या चेहऱ्यावरही ऐकू येतो असं मला वाटतं. कधी पोरं मुद्दाम वाट्टेल ती अक्षरं ओवतात. 'ढमठ'. 'झगळू'. आणि आपटल्यावर जो शब्द निघतो त्याला पोट धरधरून हसतात. अशा वेळी मी मनातल्या मनात खूष असते. झगळू कुठल्या चित्रावरून ओळखता येत नाही, कुठल्या धड्यात पाठ केलेला नसतो. हसले म्हणजे वाचला.

ह्यात मी काही नवं करतेय असा माझा मुळीच समज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढं १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं त्यांना परवडणारी नव्हती आणि आदिवासी पाड्यात शोभणारीही नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे यांतून तेच काम करून घेतलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा गुरं चारायच्या कुरणात नेली. ते वाचताना दरवेळी मला जाणवतं की स्वस्ताई हा त्यातला अर्धाच भाग होता. शिंपला त्या मुलाच्या ओळखीचा होता, हा उरलेला अर्धा. इथं पोरांच्या ओळखीचं काय आहे? सूत, पुठ्ठा, टॉवेलची पिशवी. सुताची गाठ मारायला मला एकालाही शिकवावं लागलं नाही, उलट माझी गाठ बघून एक मुलगी म्हणाली, "अशी सुटतीय अक्का," आणि तिनं दातांनी ओढून पक्की केली.

हौसेनं सल्ला देणारेही भेटतात. ॲप काढा म्हणतात. आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, पुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम जगभर गेलं, मग तुम्ही पुठ्ठे कसले कापत बसता? गुरुजींचं कौतुक मलाही आहे, बक्षिसाची अर्धी रक्कम बाकीच्या नऊ स्पर्धकांत वाटणारा माणूस रोज भेटत नाही. पण ह्या पोरांच्या घरात फोन एकच, आणि तो बापाच्या खिशात बसून लूमवर जातो, रात्री येतो तेव्हा त्याची बॅटरी आणि बाप दोघंही संपलेले असतात. दुसरं म्हणजे फोनमधलं अक्षर दाताखाली धरता येत नाही, शर्टाच्या खिशात घालून पळवता येत नाही. माझी अक्षरं पळवली जातात. र तर टिकतच नाही. पहिल्यांदा मी खणात काटेकोर मोजून ठेवायचे. आता मोजत नाही. एका शाळेत मी असा संच पाहिलाय जो कपाटात जसाच्या तसा आहे, वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही, तपासणीला साहेब आले की टेबलावर येतो आणि संध्याकाळी परत कुलपात. त्यातला एकही र हरवलेला नाही.

आया वेगळंच बोलतात. विड्या वळणाऱ्या बायका, सूप मांडीवर, हात सारखे चालू, मान वर न करता विचारतात, "इंग्लिशची कार्डं नाहीत का हो? मराठी काय, येतंयच की." घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि वर इंग्रजीची आस. मी आधी वाद घालायचे. मग एकीनं सुपातली विडी बांधता बांधता म्हटलं, "आमाला मराठी यीना म्हणून कारखान्यात कोण बी काय बी लिवून सही घेतंय. पोरीला इंग्लिश आलं तर कोण घेईल अशी सही?" ह्यावर माझ्या कार्डांत काही उत्तर नव्हतं. तिची मुलगी वर्गात येते, कडेवर धाकट्या भावाला घेऊन. त्याला मांडीवर बसवून ती एका हातानं अक्षरं लावते. बोटं तिची आईसारखीच चपळ. शब्दही चटचट लागतात, फक्त भ आणि ब, ध आणि द यांत गोंधळ. 'भाकरी' ला 'बाकरी', 'धागा' ला 'दागा'. घरात जसं बोलतात तसं कानात बसलेलं. ह्या उलट ळ म्हणताना इतर गावची मुलं अडखळतात, इथं कुणी अडखळत नाही. घरात पाण्याला नीळ्ळु म्हणणाऱ्यांना ळ कसा जड जाणार? म्हणून मी कमळ, डाळ, फळा, केळं ही कार्डं सुरुवातीलाच वर काढते. जे आधीच तोंडात आहे ते डोळ्यांसमोर लवकर येतं. भ साठी वेगळी युक्ती आहे, तळहात तोंडासमोर धरायचा आणि भ म्हटल्यावर हवा लागली पाहिजे. ते पोरांना इतकं आवडतं की अर्धा वर्ग एकमेकांच्या तोंडावर भ भ करत सुटतो, आणि लूमच्या खटखटीवरही तो आवाज पोचतो.

एस.टी.चा खेळ मात्र पोरांनीच सुरू केला. मी गावांच्या नावांची कार्डं केली होती, चित्रांशिवाय. गावाचं चित्र काय काढणार? एकानं खुर्च्या दोन रांगांत लावल्या, पुढं बसून ताटली फिरवायला लागला, झाली गाडी. मग नियम ठरले. प्रत्येकाला एक तिकीट, त्यावर गावाचं नाव. गाडी लागली की पुढं बोर्ड. ज्याचं तिकीट जुळेल त्यानंच चढायचं. मी एकच नियम घातला, कंडक्टरनं गावाचं नाव ओरडायचं नाही. खऱ्या स्टँडवर ओरडतात, म्हणून तर न वाचताही माणसं बरोबर गावाला पोचतात! इथं ओरडणं बंद झालं आणि सगळ्यांना बोर्डाकडे बघावं लागलं. गंमत अशी की गावांची नावं मुलांच्या कानावरून रोज गेलेली. आजी पंढरपूरला जाऊन आलेली, मामा बार्शीत, देवाला अक्कलकोटला जाणं नेहमीचं. फक्त ती नावं कागदावर कशी दिसतात तेवढंच बघायचं. आणि आमच्या जिल्ह्याचे तालुके बघा, पाठ्यपुस्तक मंडळानं ठरवून वसवले असते तरी इतकी चांगली चढण साधली नसती. आधी माढा. मग करमाळा, अक्षरं वाढली पण कान्यापलीकडे काही नाही. सांगोला आणि मोहोळला ओकार. मंगळवेढ्याला अनुस्वार आणि वर मात्रा. बार्शीला रफार. माळशिरसला पहिली वेलांटी, तिची घाई आता सगळ्यांना माहीत. आणि सर्वांत शेवटी अक्कलकोट, जोडाक्षर. शिवाय एरवी खणात पडून राहणारा ढ, आमच्या जिल्ह्यात त्याला उसंत नाही. माढा, पंढरपूर, मंगळवेढा. मला ढ ची जादा कार्डं करावी लागली. ज्याला शाळेत सगळे 'ढ' म्हणून चिडवतात तो माढ्याच्या गाडीचा कायमचा ड्रायव्हर आहे, आणि कुणी बोर्ड चुकीचा लावला तर सर्वांत आधी हॉर्न तोच वाजवतो.

एकदा अकलूजची गाडी लागली होती आणि एक जण अक्कलकोटचं तिकीट घेऊन ऐटीत खिडकीशी जाऊन बसला. दोन्ही गावं आमच्याच जिल्ह्यात, पण दोन टोकांना. कंडक्टरनं तिकीट पाहिलं. "उतर बे."

"का उतर? अ आहे, क आहे, ल बी आहे. वाचलालो की मी."

हे सगळं खरं होतं. अ होता, क होता, ल होता. पहिली दोन-तीन ओळखीची अक्षरं बघायची आणि उरलेला शब्द मनानं पुरा करायचा, हीच तर आपली सगळ्यांची वाचायची रीत. मीही पेपर तसाच वाचते, आणि त्यातून घरात किती गैरसमज झालेत ते सांगत बसत नाही. पण कंडक्टर ऐकेना. त्यानं बोर्ड आणि तिकीट एकमेकांना चिकटवून धरलं आणि एकेका अक्षरावर बोट आपटत गेला. बोट क्क पाशी आलं तेव्हा खिडकीवाल्यानं मान खाली घालून नीट पाहिलं. "ह्याला दोन क हायत," तो स्वतःशीच बोलला. "चिकटलेत." मग गुपचूप उतरला आणि पुढच्या गाडीची वाट बघत भिंतीला टेकून उभा राहिला. जोडाक्षराचा तक्ता त्याच भिंतीवर, बरोबर त्याच्या डोक्यामागे टांगलेला होता. त्याच्याकडे आजवर त्यानं किती वेळा पाहिलं असेल कुणास ठाऊक. गाडीतून उतरवल्यावर मात्र तो क्क आता जन्मात विसरायचा नाही.

हल्ली तिकिटं पोरंच लिहितात. माझ्या कार्डांतली गावं त्यांना पुरेनात. अक्कलकोटची गाडी मध्ये थांबली पाहिजे अशी मागणी झाली, म्हणून वळसंग आलं, कुंभारी आली. परवा भावाला कडेवर घेतलेल्या मुलीनं आपलं तिकीट आपणच लिहून आणलं, 'कुंबारी'. कंडक्टर होता तोच, अकलूजवाला. दुसऱ्याच्या चुका काढायचा त्याला आता परवानाच मिळालाय. "कुंबारी म्हणून स्टॉपच नाही."

"नाही कसा? माझी पिन्नी राहती तिथं."

"राहू दे की. बोर्डावर भ आहे, तुझ्यात ब आहे. हात धर तोंडासमोर, हवा लागती का बघ."

तिनं हात धरला, जोरात 'कुंभारी' म्हणाली, कडेवरच्या भावाच्या तोंडावर हवा गेली आणि तो खिदळला. मग तिनं स्केचपेन मागितलं. स्केचपेन ड्रायव्हरकडे होतं आणि ड्रायव्हर चालू गाडीत द्यायला तयार नव्हता. ह्यावरून मागच्या सीटवर दोन तट पडले. शेवटी कुणीतरी टोपण नसलेलं निळं पेन पुढं सरकवलं, तिनं ब वर काट मारून शेजारी भला मोठा भ काढला, पण तोवर गाडी वळसंगला पोचली होती आणि कंडक्टर तिच्याकडे जादा भाडं मागत होता.